फोटोतला मावळ: घाट, धरणं आणि फोटो नसलेली गावं

(व्याख्यानाचं शब्दांकन. पडद्यावर दाखवलेल्या फोटोंचे उल्लेख बोलण्यात आले तसेच ठेवले आहेत.)

आज ज्या भागाबद्दल बोलायचंय तो तुमच्यातल्या बहुतेकांनी पाहिलेला आहे, पण गाडीच्या खिडकीतून. लोणावळा-खंडाळा, चिक्की, पावसातले धबधबे, मागे धुक्यात लोहगड. या पर्यटनाच्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना जो डोंगराळ मुलूख पसरलाय, त्याला आपण मावळ म्हणतो. सह्याद्रीच्या धारेवरून पूर्वेला उतरणारी एकेक नदी घ्या. आंद्रा, इंद्रायणी, पवना, मुळा, मोसे, मुठा. त्या नदीचं खोरं म्हणजे एकेक मावळ. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, पौड खोरं, मोसे खोरं. शिवकाळाच्या पुस्तकांत ही नावं आपण वाचतो आणि तिथेच थांबतो. १८१८ साली लोहगड-विसापूर इंग्रजांकडे गेले, आणि त्यानंतर मावळात जणू काही घडलंच नाही, अशी आपली इतिहासाची पुस्तकं आहेत.

घडलं तर पुष्कळ. आणि त्यातलं बरंचसं कॅमेऱ्यासमोर घडलं. म्हणून आम्ही दोघा-तिघांनी ठरवलं की कागदपत्रांच्या आधी फोटो बघायचे. अर्काइव्हमधले आणि घराघरांतले. आज जे सांगणार आहोत ते या फोटोंत काय दिसतं याबद्दल आहे, आणि काय दिसत नाही याबद्दल जरा जास्त.

पहिला फोटो. घाट.

बघा, योगायोग कसा आहे. फोटोग्राफी जगासमोर आली १८३९ मध्ये. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ मध्ये. आणि बोरघाटातल्या रेल्वेचं काम सुरू झालं १८५६ मध्ये. म्हणजे मुंबईला कॅमेरा हाताळता यायला लागला आणि दोन वर्षांत त्याच्या दारात हिंदुस्थानातलं एक फार मोठं बांधकाम उभं राहिलं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही लंडनची कंपनी. तिच्या भागधारकांना सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिलेली. पैसा तिकडचा, डोंगर इकडचा. मग तिकडच्या माणसाला पैसा कुठे चाललाय हे दाखवायचं कसं? नकाशाने, अहवालाने, आणि आता फोटोने. तेव्हा मावळचे सुरुवातीचे फोटो कुणी निसर्गसौंदर्य पाहून काढलेले नाहीत. ते एका अर्थी हिशेबाचे कागद आहेत. हे एकदा लक्षात घेतलं की पुढचं सगळं वेगळं दिसायला लागतं.

घाटाचे आकडे थोडक्यात सांगतो. जवळपास पंचवीस किलोमीटरची चढण, अठराशे फुटांहून जास्त उंची, पंचवीस बोगदे, आणि दऱ्यांवरचे मोठमोठे दगडी पूल. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. पहिला कंत्राटदार फेव्हिएल. १८५९ च्या सुरुवातीला कर्जतच्या बाजूला मजुरी थकल्यावरून मजुरांचा दंगा झाला, आणि त्याच वर्षी फेव्हिएलने काम सोडलं. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि थोड्याच आठवड्यांत आजारी पडून वारला. त्याचं कंत्राट त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, पुढे चालवलं. दोन अभियंते नेमले आणि काम तडीस नेलं. २१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाट खुला झाला. या ॲलिसबाईंच्या नावाशी जोडलेला बोरघाटाच्या बांधकामाच्या फोटोंचा एक संच आहे, आणि या भागाच्या इतिहासासाठी तो फार मोलाचा आहे.

आता त्या काळातले फोटो वाचायचे कसे? तेव्हाची पद्धत होती ओल्या काचेची. काचेवर कोलोडियनचा थर द्यायचा, चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुवायची. म्हणजे फोटोग्राफरला अंधारा तंबू, बाटल्या, काचा, पाणी, सगळं बरोबर न्यावं लागायचं. खंडाळ्याच्या कड्यावर हे सगळं कुणी नेलं असेल? ज्याच्या डोक्यावर पेटी होती तो माणूस फोटोत नाही.

दुसरं म्हणजे, काचेवर प्रकाश काही सेकंद पडू द्यावा लागायचा. जो हलला तो पुसला गेला. पुलाच्या कमानीवर, बोगद्याच्या तोंडाशी जी माणसं अगदी स्पष्ट दिसतात ती काम करत नव्हती, त्यांना उभं केलं होतं. का? तर कमान किती उंच आहे हे लंडनला कळावं म्हणून. माणूस ही तिथे मोजपट्टी आहे. आणि जिथे धुरासारखा डाग दिसतो ना, तिथे कुणीतरी पाटी घेऊन चाललेलं असण्याची शक्यता फार. १८६१ मध्ये या घाटात बेचाळीस हजारांपर्यंत माणसं कामाला होती. पुरुष सुरुंगाला, बायका आणि पोरं पाट्या वाहायला. कॉलरा आणि तापाने त्यांतली हजारो गेली. एवढी गर्दी असलेल्या जागेचे फोटो इतके रिकामे, इतके शांत कसे, असं पहिल्यांदा बघणारा हमखास विचारतो. त्याचं अर्धं उत्तर रसायनात आहे. उरलेलं अर्धं, फोटो कुणासाठी काढला यात.

हा पुढचा, रिव्हर्सिंग स्टेशनचा. गाडी चढत चढत एका कड्याच्या टोकाशी यायची, पुढे जागाच नाही. मग इंजिन सुटायचं, दुसऱ्या टोकाला लागायचं, आणि गाडी उलट दिशेने पुढची चढण चढायची. १९२९ पर्यंत हे चालू होतं. नंतर नवे बोगदे झाले, वीज आली, १९३० मध्ये डेक्कन क्वीन धावायला लागली. हा फोटो पोस्टकार्डांवर खूप छापला गेला आणि आता मोबाइलवर फिरतो, खाली काहीही मजकूर लिहून. ‘हिंदुस्थानातली पहिली रेल्वे’ वगैरे. पहिली रेल्वे १८५३ ची, बोरीबंदर ते ठाणे, सपाटीवरची. फोटो खरा असतो आणि ओळ खोटी असते, हा प्रकार आता रोजचाच झालाय.

याच घाटात शिंगरोबाचं देऊळ आहे, जुन्या रस्त्यावर. जाणारे-येणारे ड्रायव्हर तिथे नाणं टाकतात. कथा तुम्हाला ठाऊक असेल. शिंगरोबा नावाच्या धनगराने साहेबाला घाटाची वाट दाखवली, बक्षीस म्हणून स्वातंत्र्य मागितलं, साहेबाने गोळी घातली. हे असंच घडलं असं आम्ही म्हणत नाही, दंतकथा ती दंतकथाच. पण बर्कलीच्या लोकांनी वर्षानुवर्षं या कड्यांची मोजणी केली, ती वाट दाखवणाऱ्या स्थानिक माणसाशिवाय झाली असेल हे आम्हाला पटत नाही. अभियंत्यांची नावं अहवालांत राहिली आणि वाट दाखवणारा देवळात गेला. लोकांनी आपला फोटो आपल्या पद्धतीने ठेवला, असं म्हणा हवं तर.

जाता जाता एक. भुशी धरण, जिथे पावसाळ्यात पायऱ्यांवर बसायला झुंबड उडते, तेही रेल्वेचंच. वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं म्हणून १८६० च्या दशकाच्या शेवटाला बांधलेलं. पायऱ्यांवरचे भिजलेले ग्रुप फोटो आम्हीही पुष्कळ गोळा केलेत, तोही इतिहासच आहे. पण तो विषय पुन्हा कधीतरी.

आता माणसांचे फोटो.

मावळात कुणबी-मराठा, कोळी, धनगर, ठाकर, कातकरी अशी वस्ती. एकोणिसाव्या शतकात यांच्यासारख्यांचे फोटो निघाले ते ‘नमुने’ म्हणून. १८६८ ते १८७५ या काळात ‘पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड सरकारी आश्रयाने निघाले, त्यात जाती-जमाती एकेक फोटो चिकटवून मांडल्यात. त्याआधी मुंबईच्या विल्यम जॉन्सनचं मुंबईतल्या जातीजमातींवरचं पुस्तक निघालं. त्यातली गंमत बघण्यासारखी आहे. माणसांचा फोटो एका ठिकाणी काढायचा आणि मागचा देखावा दुसरीकडचा आणून जोडायचा. म्हणजे माणूस खरा, डोंगर खरा, पण तो माणूस त्या डोंगरासमोर कधी उभा राहिलाच नाही. आपल्याला वाटतं फोटोत छेडछाड ही कॉम्प्युटरची देणगी. मुळीच नाही, दीडशे वर्षांपूर्वीची आहे.

मग अशा फोटोंचा उपयोग काय? आहे. फोटोग्राफरने ज्याकडे लक्ष दिलं नाही तिकडे बघायचं. आम्हाला ही सवय एका जाणत्या शेतकरी बाबांनी लावली. डोंगराच्या एका जुन्या फोटोत आम्ही माणसं बघत होतो, त्यांनी मागच्या झाडांवर बोट ठेवलं. म्हणाले, ही झाडं अशी खांबासारखी का आहेत सांगा. आम्ही गप्प. ते म्हणाले, राबासाठी तोडलेली आहेत. भाताची रोपं करायच्या जागेवर फांद्या, पाला, शेण, गवत पसरून उन्हाळ्यात भाजायचं, त्याला राब म्हणतात. त्यासाठी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या दरवर्षी छाटायच्या. झाड जगतं, पण खांबासारखं दिसतं. आणि याच राबावरून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जंगलखातं आणि शेतकरी यांची जोरदार जुंपली होती. ठाणे-कुलाबा भागातल्या तक्रारींसाठी सरकारला वन आयोग नेमावा लागला, त्याचा अहवाल १८८७ चा. सरकारच्या मते ती जंगलाची नासाडी, शेतकऱ्याच्या मते ते भाताचं खत. फोटोग्राफरच्या लेखी मात्र ती नुसती पार्श्वभूमी.

आता धरणांकडे येऊ. आजचा मुख्य भाग हाच.

मावळात पाऊस धो धो. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे, आणि पन्नास-साठ किलोमीटरवर पुण्यात सातशे-आठशे. शिवाय पश्चिमेला कोकणात एकदम दीड-दोन हजार फुटांची उडी. पूर्वेला वाहणारं पाणी अडवून पश्चिमेला कड्यावरून खाली सोडलं की वीज. मुंबईच्या गिरण्यांना स्वस्त वीज हवी होती. टाटांची जलविद्युत कंपनी १९१० ची. फेब्रुवारी १९११ मध्ये लोणावळ्याला पायाभरणी, फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला. मग आंदर मावळात ठोकरवाडीचं धरण, त्यावर १९२२ मध्ये भिवपुरीचं वीजघर. आणि तिसरं, निळा आणि मुळा यांच्या संगमाजवळ, मुळशी. त्यावर १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर.

या कामांचे फोटो बघितले तर घाटाचीच पुढची आवृत्ती. दगडी भिंत अर्धी झालेली, भिंत पूर्ण झालेली, पाइप, टर्बाइन, समारंभाचा मांडव, हॅट घातलेले पाहुणे. काम म्हणून अप्रतिम, त्यात वाद नाही. त्या भिंती शंभर वर्षं उभ्या आहेत.

मुळशीत मात्र भिंतीच्या आतल्या बाजूला पन्नासच्या आसपास गावं होती, दहा हजारांवर माणसं, आणि आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरं. जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घ्यायची ठरली. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. हजारावर मावळे, बायका-पोरांसह, धरणाच्या जागेवर जाऊन बसले. काम बंद पडलं. कंपनीने काही महिन्यांपुरतं काम थांबवायचं मान्य केलं, मग पुन्हा सुरू केलं, आणि सत्याग्रहही पुन्हा सुरू झाला. तो १९२४ पर्यंत चालला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांनी तो लढवला. बापटांना ‘सेनापती’ हे नाव इथेच चिकटलं. शेवटी शेवटी त्यांनी धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली, त्याची सात वर्षांची शिक्षा झाली. धरणाविरुद्धचा जगातला पहिला संघटित लढा, असं राजेंद्र व्होरा यांनी याबद्दल इंग्रजीत लिहिलंय. पुस्तक २००९ चं, मिळालं तर जरूर वाचा.

व्होरांनी जी गोष्ट नीट उलगडून दाखवली ती आपल्याकडच्या भाषणांत सोयीस्कर गळते. मुळशीतल्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या किंवा त्यांच्या झाल्याच होत्या. जमीन कसणाऱ्याला खाचर हवं होतं. सावकाराला रोकड भरपाई चालणार होती, किंबहुना ती चांगलीच होती. त्यामुळे टाटा विरुद्ध मावळे एवढं सरळ ते नव्हतं. पुणे विरुद्ध मुळशी असंही एक भांडण त्यात होतं. वीज मुंबईला, पैसे पुण्याला, आणि पाणी कुळाच्या दारात.

आता पुढची स्लाइड बघा.

ही रिकामी ठेवली आहे. प्रोजेक्टर बिघडलेला नाही. आम्ही जेवढे फोटो गोळा केले, त्यात पाणी येण्याआधीच्या मुळशी खोऱ्यातल्या गावाचा, गावातल्या माणसाने काढलेला किंवा काढून घेतलेला, एकही फोटो नाही. कारण साधं आहे. १९२१ मध्ये मावळातल्या घरात कॅमेरा असायचा प्रश्नच नव्हता. फोटो काढायचा तर पुणं गाठायचं, आणि पैसे मोजायचे. सावकाराच्या घरचा त्या वर्षांतला फोटो मिळतो, अभियंत्याचा मिळतो, भिंतीचा तर दर टप्प्याचा मिळतो. जे बुडणार होतं त्याचा फोटो काढावा असं ज्यांना वाटलं असतं त्यांच्याकडे साधन नव्हतं, आणि ज्यांच्याकडे साधन होतं त्यांना तसं वाटायचं कारण नव्हतं.

याचा परिणाम भावनेपुरता नाही. पाण्यात गेलेल्या गावातून वरच्या उतारावर सरकलेल्या वाड्या आहेत. आपण कुठून आलो, घर कुठे होतं, वहिवाट कुठली, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या सांगावं लागतं. गावठाणाचा प्रश्न निघाला, सातबारा मागितला गेला, की कागद कंपनीकडे आणि सरकारकडे, यांच्याकडे आठवण. कंपनीच्या कपाटात भिंतीचे फोटो आहेत, तेव्हा भिंत होती हे कुणाला सिद्ध करावं लागत नाही.

मग आम्ही फोटोऐवजी काय वापरलं? जुने सर्व्हे नकाशे. देवांची ठिकाणं, कारण घर सोडलं तरी देव वर आणतात, आणि मूळ ठाणं कुठे होतं ते लक्षात ठेवतात. आणि उन्हाळा. मे महिन्यात पाणी खाली गेलं की काठाच्या गाळातून जुन्या घरांची जोती, बांध, वाटा उघड्या पडतात. शेजारच्या पवन मावळात पवना धरणाचं पाणी उतरलं की वाघेश्वराचं दगडी देऊळ वर येतं, त्याचे फोटो दरवर्षी पेपरात येतात. बघणाऱ्याला नवल वाटतं. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना मात्र देवळाच्या डाव्या हाताला कुणाचं घर होतं हे सांगता येतं. आम्ही एवढंच केलं, की पाणी उतरल्यावर फोटो काढले, मोठे करून छापले आणि पारावर ठेवले. लोकांनी त्यावर पेनने घरं काढली. कुणाचं खळं, कुणाचा गोठा, पिंपळ कुठे. एकाच घराच्या जागेवरून दोघा भावकीतल्या म्हाताऱ्यांचं तासभर भांडण झालं, आम्ही तेही रेकॉर्ड केलं.

शेवटचा गठ्ठा, घरातल्या फोटोंचा.

मावळातल्या घरात सगळ्यात जुना फोटो कुठला सापडतो, तर मुंबईच्या स्टुडिओतला. कारण डोंगरातलं भात वर्षभर पुरत नाही, माणूस मुंबईला गेला. गिरणीत, गोदीत, माथाडीत, आणि अर्थात डब्यांच्या धंद्यात. मुंबईचे डबेवाले मुख्यतः मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगाव या पट्ट्यातले. रंगवलेल्या पडद्यासमोर, कुंडीशेजारी, टोपी आणि कोट. कोट बहुतेक वेळा स्टुडिओचाच. पण बघा, घाटाच्या फोटोत ज्याला मोजपट्टी म्हणून उभं केलं होतं, त्याचा नातू इथे स्वतःच्या पैशाने, स्वतःला हवं तसं उभा आहे. हातात छत्री. छत्री का? भातलावणीला गावी निघाला असेल, नवीन घेतली असेल, असं घरचे म्हणाले. आम्हाला तो तर्क फार आवडला, सिद्ध काही करता येणार नाही.

आणि बायका? या गठ्ठ्यात बायका फार कमी. लग्नाचे फोटो खेड्यांत आले ते बऱ्याच उशिरा. कितीतरी आज्यांचा आयुष्यातला पहिला एकटीचा फोटो म्हणजे मतदार ओळखपत्राचा, म्हणजे १९९३ नंतरचा. चेहरा दचकलेला, पदर घाईने सारखा केलेला. पुढे आजी गेली की तोच फोटो मोठा करून घेतात, मागे निळा रंग भरतात, आणि हार घालून भिंतीवर लावतात. निवडणूक आयोगाने मावळातल्या बायकांचा सगळ्यात मोठा फोटोसंग्रह तयार केला, असं म्हटलं तर चुकीचं होणार नाही. पण त्या फोटोतून आजीबद्दल काही कळत नाही, घराबद्दल नाही, शेताबद्दल नाही. त्यासाठी घरच्यांना विचारावं लागतं, आणि ते आत्ताच विचारावं लागतं.

तुमच्यापैकी कुणी आपल्या गावी हे करणार असाल तर दोन-तीन कामाच्या गोष्टी. फोटो घरातून बाहेर नेऊ नका, तिथेच दिवसाउजेडी मोबाइलवर कॉपी करा, काच असली तर तिरकं धरून. पाठीमागची बाजूही काढा, स्टुडिओचा शिक्का आणि तारीख तिथेच असते. पाठीवर बॉलपेनने लिहू नका, समोर उमटतं, मऊ पेन्सिल वापरा. नावं डावीकडून उजवीकडे लिहा, आणि बायकांची नावं ‘अमक्याची मंडळी’ अशी लिहून सोडू नका, माहेरच्या गावासकट लिहून घ्या.

हा आता पडद्यावर असलेला फोटो पवन मावळातला. भातझोडणी चाललेली आहे, खळ्यावर सहा जणं. रंग उडालाय, पण पाठीवर स्टुडिओचा नाही, औषधाच्या दुकानाचा शिक्का आहे, म्हणजे रोल तिथून धुवून आणला असणार. पुरुष चौघं, त्यांची नावं आम्हाला मिळाली. उजवीकडे पाठमोऱ्या दोघी आहेत, एकीच्या हातात सूप आहे. त्यांना ओळखणारं अजून कोणी भेटलेलं नाही. हा फोटो व्याख्यानाच्या पानावर मोठा करून ठेवतो आहोत. पवन मावळात तुमचं कोणी असेल तर त्यांना दाखवा.